तुम्ही विचारलंत म्हणून: मी उडी का मारली नाही

"तुला एवढं चांगलं पोहता येतं, मग उडी का नाही मारलीस?"

दोन वर्षं हा प्रश्न ऐकते आहे. विचारणाऱ्यांना आमच्या राफ्टचा, म्हणजे नदीत चालवायच्या रबरी बोटीचा अपघात ठाऊक असतो, त्यात अडकलेल्या माझ्या सोबत्याच्या पायाचं काय झालं ते ठाऊक असतं, आणि मी काठावर कोरडी उभी होते हेही. त्या 'कोरडी'वर जरा जोर असतो. आजवर नियम सांगून सुटत आले. आता एकदा सगळंच लिहून टाकते.

आधी नियमच. नदीत बचावाचा क्रम शिकवतात तो असा: हात किंवा वल्हं पुढे करा, नाही पोचलं तर दोरी फेका, तेही नाही जमलं तर बोट न्या. स्वतः पाण्यात जाणं सगळ्यात शेवटी. हे कुणा भित्र्याने ठरवलेलं नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो. घनमीटरभर पाण्याचं वजन एक टन. त्यापुढे लाइफ जॅकेट तुम्हाला उचलून धरतं साधारण सात किलोने. डोकं वर ठेवायला तेवढं पुरतं, दगडात अडकलेला पाय सोडवायला नाही. मी उडी मारली असती तर मी वाहत त्या सोबत्याच्या अंगावर गेले असते, नाहीतर त्याला ओलांडून खाली. काठावर दोरी धरायला मग कोण उरलं असतं?

बघा, अजून वकिलीच करते आहे.

राफ्ट उलटली तो रॅपिड, म्हणजे नदीचा खळाळता टप्पा, मोठा नव्हता, सहापैकी तिसऱ्या श्रेणीचा. बाकीचे पाय पुढे करून पाठीवर तरंगत खाली आले. त्याला काठाजवळ पाणी मांडीएवढं दिसलं आणि तो उभा राहिला. पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत उभं राहायचं नाही, हे सकाळी सगळ्यांनी माना डोलावून ऐकलं होतं. त्याला हसू नका, मीही एकदा तशीच उभी राहिले आहे. माझा पाय गोट्यावर पडला होता, त्याचा दोन दगडांच्या फटीत गेला. मागून आलेल्या पाण्याने त्याला कमरेत वाकवून खाली दाबलं.

त्याच्या पाठीवरून पाणी वळून पडत होतं आणि त्या पडद्याआड तोंडापुढे वीतभर पोकळी होती. तो त्यात श्वास घेत होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त हेल्मेट दिसत होतं, मग तेही दिसेना, मग पुन्हा दिसलं. माझ्यापासून आठ-दहा पावलांवर. वर धरण नाही म्हणून तर आम्ही त्या नदीवर जातो, त्यामुळे पाणी कमी करा म्हणायलाही कोणी नव्हतं. उलट दुपारची वेळ, बर्फ वितळून पाणी चढत होतं.

शिट्टी तीनदा वाजवली. पलीकडच्या खडकावर गाइड पोचला होता. दोरी आरपार ताणायची, खालच्या बाजूने वर आणत त्याच्या छातीखाली घालायची, म्हणजे तिच्यावर रेलून त्याला डोकं वर काढता येतं. मी थ्रो बॅग, म्हणजे फेकायच्या दोरीची पिशवी, फेकली. ती अर्ध्यावर पडली.

ओढून घेतली, पिशवीत वजनापुरतं पाणी भरलं, पुन्हा फेकली. गाइडने पकडली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तो दोरीवर रेलला, आम्ही दुसरी दोरी त्याच्या पायापाशी नेली, प्रवाहाच्या उलट खेचली, घोटा मोडला, पाय सुटला.

पहिली दोरी परत ओढत होते तेव्हा माझा एक हात हेल्मेटच्या पट्ट्यावर गेला होता. आवळायला की काढायला, आठवत नाही. सुरुवातीला मी सगळ्यांना सांगायचे की डोकं शांत होतं, शिकवलं तसं केलं. हे अगदी खोटं नाही. पण मी घाबरले होते, पाय काठावर रुतल्यासारखे झाले होते. नियम म्हणत होता जाऊ नकोस, भीतीही तेच म्हणत होती. दोघांचं म्हणणं एकच असताना मी ऐकलं कोणाचं, हे कसं सांगू? कधी वाटतं, नियम नसता तरी मी तिथेच उभी राहिले असते. कधी वाटतं, नियम नसता तर उडी मारून आणखी एक प्रेत केलं असतं. रात्रीवर अवलंबून असतं.

पण खरं सांगू? उडीचा प्रश्न मला सोयीचा आहे. त्याला माझ्याकडे निदान उत्तर तरी आहे. थ्रो बॅगमध्ये दोरी मूठ मूठ कोंबून भरायची असते, तरच ती फेकताना सरसर सुटते. वेटोळं करून ठेवली की गुंतते. त्या सकाळी घाई होती, दोरी ओली होती, ती मी हाताभोवती गुंडाळून तशीच पिशवीत सारली. वीस मीटरची दोरी, दहा मीटरचं पात्र, आणि ती अर्ध्यावर पडली.

हे कोणी विचारत नाही. त्याने विचारलं होतं, पाय प्लास्टरमध्ये असताना, एकदाच. "पहिली दोरी का नाही पोचली गं?"

मी म्हटलं, वारा होता.

वारा नव्हता.