रजिस्टरमधला ‘जवळचा’ धर्म

डिसेंबरात लेक शाळेतून चिठ्ठी घेऊन आला. नाताळच्या कार्यक्रमात त्याने ‘आमच्या घरचा नाताळ’ यावर दोन मिनिटं बोलावं, असं बाईंनी लिहिलं होतं. बाईंचा हेतू चांगलाच होता. पण आमच्याकडे नाताळ नसतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ज्यू. लेकाचं नाव बायबलातलं, आडनाव कोकणातल्या गावाचं. त्याचं नाव ऐकून लोक ख्रिश्चन समजतात, आजोबांचं ऐकून मुसलमान.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, तर जनरल रजिस्टरमध्येच ‘ख्रिश्चन’ लिहिलेलं. प्रवेश अर्जावर मी स्वतःच्या हाताने ‘ज्यू’ लिहिलं होतं. क्लार्क म्हणाले, “यादीत ते सापडेना, म्हणून जवळचं टाकलं.”

जवळचं! हा शब्द मला फार लागला.

त्या रात्री लेकाने विचारलं, “शाळेत लिहिलंय म्हणजे मी आता ख्रिश्चन झालो का?” शुक्रवार होता, संध्याकाळपासून शनिवारचा शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो. शब्बाथच्या दिव्यात तेल त्यालाच घालायला लावलं होतं, बोटं अजून तेलकट होती. म्हटलं, “नाही रे बाळा. लिहिणाऱ्यांचं चुकलंय, आपण दुरुस्त करून घेऊ.”

मुख्याध्यापिकांनी सांगितलं की हे मूल शाळेत आहे तोवरच करून घ्या, दाखला हातात पडल्यावर फार अवघड जातं. त्यांच्यामार्फत शिक्षण विभागाकडे अर्ज केला. सोबत जन्मदाखला, प्रवेश अर्जाची प्रत, प्रतिज्ञापत्र आणि नवऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर स्वच्छ लिहिलंय, ‘ज्यू, बेने इस्राएल’. ज्यांच्या घरी असे जुने दाखले असतील त्यांनी ते जपून ठेवा, माझं निम्मं काम त्यानेच केलं. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, हेही अर्जात नमूद केलं.

कार्यालयात मी सवयीने म्हणाले, “हे आमच्या मशिदीच्या मुकादमांचं पत्र.” तिथल्या साहेबांनी मान वर केली. “मशीद? मग मुस्लिम लिहायचं का?” आमची जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतात, आणि तिथल्या प्रमुखाला मुकादम. मुंबईतलं आमचं १७९६ सालचं सिनेगॉग म्हणजे जुनी मशीद. मशीद बंदर स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं असं आमच्याकडे सांगतात. पुढचा प्रश्न आला, “इस्रायलहून कधी आलात?” मी अलिबागजवळच्या नवगावचं नाव घेतलं. आमच्या पूर्वजांचं गलबत तिथे फुटलं आणि सात जोडपी वाचली, असं आम्ही ऐकत आलो. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

तीन खेपा आणि जवळजवळ दोन महिने लागले. जुनी नोंद लाल शाईने खोडून वर ‘ज्यू’ लिहिलं, बाजूला मुख्याध्यापिकांची सही. लेकाला मुद्दाम नेऊन दाखवलं. त्याने अक्षरावर बोट ठेवून वाचलं.

त्याच सुमारास घरी एलियाहू हनाबी या आमच्या प्रेषितांच्या नावाने होणारा मलिदा होता. बाईंना विचारून लेकाने वर्गात डबा नेला, आणि दोन मिनिटं बोलला ती त्यावर: पोहे भिजवायचे, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची घालायची, सोबत फळं मांडायची, आणि प्रार्थना होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.