ब्राह्ममुहूर्त चारलाच नसतो

‘पहाटे चारला उठा’ असं सर्रास सांगतात. नाशिकमध्ये वर्षभर ही वेळ चुकते.

सूर्यास्त ते सूर्योदय या रात्रीचे १५ भाग केले की त्यातला चौदावा भाग म्हणजे ब्राह्ममुहूर्त. सरासरीने तो सूर्योदयाआधी ९६ मिनिटांनी लागतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. नाशिकला जानेवारीच्या मध्यात सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. रात्र मोठी, म्हणून मुहूर्त साधारण साडेपाच ते सहा वीस. जूनच्या आरंभी तोच साडेचार ते पाच दहा. आपली स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटं मागे आहे, त्यामुळे काशीच्या पंचांगातल्या वेळा इथे लावू नयेत.

या वेळेचं मोल संधिकालाआधीच्या तयारीत आहे. प्रातःसंध्या तारे दिसत असताना केली तर उत्तम, तारे मावळल्यावर मध्यम, सूर्य उगवल्यावर कनिष्ठ, असं शास्त्र सांगतं. म्हणजे शौच, स्नान, आचमन, प्राणायाम उरकून, मन ठिकाणावर आणून अर्घ्याला, म्हणजे सूर्याला ओंजळीने पाणी द्यायला, उभं राहायचं. गायत्री म्हणत तीन अर्घ्यं, मग पूर्वेकडे तोंड करून सूर्य दिसेपर्यंत उभ्यानेच जप. संध्या करत नसाल तर नामजप करा. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ची एक माळ सहा-सात मिनिटांत होते, तीन माळा सावकाश करा, घाईच्या अकरा नकोत.

गोदावरीतल्या रामकुंडावरच स्नान हवं असं नाही. नदीला पूर येऊन तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलेलं असताना तर घरचीच बादली बरी.

बिघडतं ते बहुतेक आदल्या रात्री. अकराला जड जेवण, बाराला झोप, मग माळ हातात आणि मान छातीवर. जेवण आठच्या आत घ्या, जूनमध्ये साडेनऊला आडवे व्हा. उठण्याची वेळ आठवड्याला पंधरा मिनिटांनीच अलीकडे आणा. एकदम दोन तास ओढले की सवय चार दिवसांत मोडते. उठल्यावर करदर्शन करा, म्हणजे आधी आपले तळहात पाहा, मोबाइल लांब ठेवा. एक मेसेज वाचला की जपभर तोच घोळतो. जपात डुलकी लागली तर उठून चेहऱ्यावर पाणी मारा आणि उभ्यानेच माळ पुरी करा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी मात्र या वेळेसाठी झोप मोडू नये. ब्राह्ममुहूर्ती उठायला सांगणारा आयुर्वेदाचा ग्रंथ अष्टांगहृदय, तोही ते ‘स्वस्थ’, म्हणजे निरोगी माणसाला सांगतो. आजारी, बाळंतीण, पाळीवरून आलेला, यांनी झोप पुरी करून स्नानानंतर जपाला बसावं.