नाइटला बाळ कोणाकडे असतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण गल्लीतल्या काकूंपासून पेशंटच्या नातेवाइकांपर्यंत सगळे हेच विचारतात, वर "सासूबाई चांगल्या दिसतायत" असंही म्हणतात. सासूबाई चांगल्याच आहेत, पण त्या गावाला असतात. मला तारलं ते ड्युटी लिस्टनं.

मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, स्टाफ नर्स आहे. 2017 पासून कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा मिळते आणि 50 किंवा जास्त स्टाफ असला की पाळणाघर द्यावं लागतं. आधीच्या नोकरीत पाळणाघराचं विचारलं तर "बघू" म्हणाले, त्या बघूतच माझी एक मैत्रीण नोकरी सोडून घरी बसली. इथे मात्र खाली खरंच पाळणाघर आहे, अकराला दूध पाजायला मी पंधरा मिनिटं जाते आणि कोणी घड्याळ दाखवत नाही.

पहिले दिवस कठीणच गेले हो. वॉर्डात कुणाचंही बाळ रडलं की माझा युनिफॉर्म ओला, त्यात मी दिवसभर दुसऱ्या आयांना शिकवणार की दूध कसं काढायचं, वाटी-चमच्यानं कसं पाजायचं, आणि स्वतः लिननच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यांमागे बसून पंप लावणार. बाटलीवर मायक्रोपोरची पट्टी, पट्टीवर नाव आणि वेळ, अगदी पेशंटच्या सॅम्पलसारखी. लसीच्या फ्रिजमध्ये दुसरं काही ठेवायचं नाही हे नव्या पोरींना मीच बजावते, त्यामुळे बाटली पॅन्ट्रीत, कोणाच्या तरी भेंडीच्या डब्याशेजारी.

मी रुजू झाल्यावर मेट्रन मॅडमनी सहा महिने मला फक्त मॉर्निंग लावली, आठ ते दोन. सगळे म्हणतात किती सपोर्टिव्ह. पण माझ्या नाइट कुठे हवेत विरल्या नाहीत ना, त्या कोणीतरी केल्याच. पहिल्या महिन्यात लग्न न झालेल्या दोघी पोरींनी केल्या आणि हँडओव्हर घेताना त्यांचे लाल डोळे बघून मलाच खाली बघावंसं वाटायचं. मग मॅडमनी भांडून एक जादा स्टाफ मंजूर करून घेतली. मला विचाराल तर खरा सपोर्ट तो होता, बाकी गोड बोलणं काय, केक कापतानाही होतं.

आता मुलगी दोन वर्षांची आहे. महिन्यातून एक आठवडा नाइट असते, तेव्हा ती बाबांकडे झोपते, आणि सकाळी मी आले की आधी माझ्या हाताचा वास घेते. सॅनिटायझरचा वास आला की म्हणते, "आई धू."

त्या दोघींपैकी एकीचं आता लग्न ठरलंय. हळदीच्या आणि लग्नाच्या दोन्ही नाइट मी माझ्या नावावर लिहून घेतल्यात. अजून बऱ्याच देणं आहेत.