मुलं का जातात? गुणात्मक संशोधन शिकतानाचा माझा अनुभव

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याची शाळांची हजेरी माझ्यासमोर होती. जून ते सप्टेंबर पट भरलेला, दसऱ्यानंतर उतरत गेलेला, आणि डिसेंबरात काही वस्तीशाळांमध्ये निम्म्याहून कमी मुलं. कारण तालुक्यात कुणालाही विचारलं तरी तेच सांगितलं असतं. आईवडील ऊसतोडीला गेले, लेकरं सोबत गेली. पण यातल्या बऱ्याच गावांत हंगामी वसतिगृह मंजूर होतं. आईवडील कारखान्यावर असताना मुलानं आजी-आजोबांकडे राहावं, त्याला शाळेत दोन्ही वेळचं जेवण मिळावं, वर्ग बुडू नये, एवढ्यासाठीच ती योजना आहे. तरीही एकाच वस्तीवरचं एक घर मूल मागे ठेवतं आणि शेजारचं घर सोबत नेतं. हे ठरतं कशावरून?

माझं शिक्षण संख्याशास्त्रातलं. ज्या संस्थेत काम करत होते तिथे आकडेवारी माझ्याकडेच असायची. शाळेचं अंतर, कुटुंबातल्या मुलांची संख्या, मुलगा की मुलगी, सगळं ताडून पाहिलं होतं. पाठीवर लहान भावंड असलेल्या मुली जास्त जातात, एवढं त्यातून स्पष्ट दिसत होतं. पण निर्णय कधी होतो, कोण घेतं, त्या घरात कुणाचं चालतं, याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. म्हणून सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासक्रमात गुणात्मक संशोधन पद्धती, म्हणजे आकड्यांऐवजी निरीक्षण आणि माणसांच्या बोलण्यातून शोध घेणं, हा विषय मी मुद्दाम निवडला.

आकडा प्रश्न दाखवतो, पण त्यामागचं कारण माणसांच्या बोलण्यातूनच कळतं, याचं मोठं उदाहरण याच जिल्ह्यात घडलेलं आहे. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पेटला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार महिलांची नोंद झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. हा आकडा नसता तर प्रश्न कुणी गंभीरपणे घेतला नसता, हे मला मान्य आहे. पण बाई शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचते कशी? एक दिवस खाडा झाला की मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून कापले जाणारे पैसे, उसाच्या फडात शौचालय नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्या, आणि डॉक्टरनं घातलेली कॅन्सरची भीती. ही साखळी बायकांनी स्वतः सांगितली तेव्हाच उलगडली. सरकारला काही बदलायचं असेल तर बदल त्या साखळीतल्या कुठल्यातरी कडीतच करावा लागतो.

अभ्यासक्रमात आमच्या बाईंनी पहिल्या आठवड्यात एकही व्याख्या सांगितली नाही. रेशन दुकानासमोर तासभर बसा आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून लिहा, एवढंच काम दिलं. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे आपल्याला जे वाटलं ते. ‘म्हातारी वैतागली’ हे उजवीकडे. ‘म्हातारीनं अंगठा मशीनवर चार वेळा ठेवला, पदराला पुसला, मग बाजूला जाऊन बसली’ हे डावीकडे. ही सवय हाडात मुरल्याशिवाय पुढचं काहीच नीट होत नाही, असं माझं ठाम मत आहे. आजही माझ्या क्षेत्रनोंदी याच दोन रकान्यांत असतात.

मग प्रश्नावर काम सुरू झालं. ‘मुलांना का नेता?’ असं विचारलं की समोरची बाई बचावात जाते. तिला त्यात आरोप ऐकू येतो आणि ती आपल्याला बरं वाटेल असं उत्तर देते. बाईंनी शिकवलं की मत विचारू नका, प्रसंग विचारा. ‘मागच्या साली निघालात तो दिवस सांगा. सकाळपासून सांगा.’ एवढ्या एका वाक्यावर बायका अर्धा तास बोलल्या. ट्रॅक्टर कधी आला, भांडीकुंडी कोणी बांधली, म्हातारी काय म्हणाली, पोरगी दप्तर घेऊन बसली होती की नव्हती. मी मध्ये फक्त ‘मग?’ म्हणायचं, आणि त्या थांबल्या तरी घाई करायची नाही. त्या थांबण्यानंतर बहुतेक वेळा महत्त्वाचं यायचं. एक मावशी बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “ताई, सासू आंधळी हाय. तिला कोण बघंल आन् पोरीला कोण बघंल?” आमच्या तक्त्यात त्या घरासमोर ‘आजी घरी: होय’ अशी नोंद होती.

कुणाशी बोलायचं, हा माझ्यासाठी सगळ्यात अवघड भाग ठरला, कारण यादृच्छिक नमुना, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड, ही मला सवयीची गोष्ट. इथे निवड हेतू ठेवून करायची असते. आम्ही मुलं नेणारी घरं घेतली, ठेवणारी घेतली, आणि मुद्दाम अशी घरं शोधली जी आमच्या अंदाजाला छेद देतील. घरी धडधाकट आजी असून मूल नेलं, किंवा घरी कुणीच नसताना शेजारणीकडे ठेवून गेले, अशी. या उलट्या घरांनी जितकं शिकवलं तितकं इतर कुणी शिकवलं नाही. मुलाखती किती पुरेशा, याबद्दल घाना आणि नायजेरियातल्या महिलांच्या ६० मुलाखतींवरचा २००६ चा एक अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. त्यात बहुतेक मुद्दे पहिल्या बारा मुलाखतींतच येऊन गेले होते. पण तो बऱ्यापैकी एकसारख्या गटाचा अभ्यास आहे. बारा हा आकडा उचलून कुठल्याही अहवालात चिकटवणं मला पटत नाही. बंजारा तांडा आणि गावाशेजारची दलित वस्ती यांना बाराच्या एकाच आकड्यात बसवता येत नाही.

श्रावणात आणि गणपतीच्या सुमाराला आम्ही गावांत होतो, तेव्हा बायका निवांत बोलायच्या. हंगाम सुरू झाल्यावर पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर गेलो, तेव्हा निवांतपणा उरलाच नव्हता. गाडी भरायला रात्री कधीही उठावं लागतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहते. तिथे मुलाखत घ्यायची म्हणजे तिच्यासोबत पाचट ओढत, ती बोलेल तेवढं ऐकायचं. संमती घेताना आम्ही कागदावर अंगठा मागितला नाही. अंगठा दिल्यावर उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मिळते आणि मग ती फेडावी लागते, असा या लोकांचा अनुभव आहे. तोंडी संमती घेतली, काय विचारणार, कुणाला सांगणार आणि कुणाला नाही, ते आधी सांगितलं, आणि मुकादमाच्या कोपीपासून, म्हणजे झोपडीपासून, दूर बसलो. तो जवळपास असेल तर मुलाखत घ्यायचीच नाही, हा नियम आम्ही मोडला नाही. गावातल्या गटचर्चांमध्येही पुरुष, सुना आणि सासवा वेगवेगळ्या बसवल्या. सुना एकत्र बसल्या तेव्हा वयात आलेल्या मुलींबद्दल जे बोलल्या, ते सासवांसमोर कुणी बोललं नसतं.

सगळ्यात जास्त हाती लागलं ते एका साध्या कृतीतून. रॉबर्ट चेंबर्स यांच्यामुळे जगभर पोचलेल्या लोकसहभागी पद्धतींमध्ये हंगामाचं कॅलेंडर हा एक प्रकार आहे. देवळासमोर खडूनं मराठी महिन्यांच्या चौकटी आखल्या आणि बायकांना खडे ठेवायला सांगितले. उचल कधी घेतली, घरात पैसा कधी संपतो, मुकादमाचा निरोप कधी येतो, निघायचं कधी, परत कधी. मग शाळेतल्या सरांना त्याच चौकटींवर वसतिगृहाचे खडे ठेवायला सांगितले. यादी कधी मागवतात, मंजुरी कधी येते, पहिलं जेवण कधी शिजतं. बायकांचे निघण्याचे खडे दसरा-दिवाळीच्या चौकटीत होते. पहिल्या जेवणाचा खडा त्याच्या पुढच्या महिन्यात पडला. काही क्षण कुणीच बोललं नाही, मग एक आजी सरांना म्हणाली, “गुरुजी, तुमचं जेवण शिजस्तवर आमची लेकरं कारखान्यावर असत्यात.” पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, हे वाक्य मी बैठकांमध्ये कितीदा ऐकलं होतं. त्या अंगणात ते टिकलं नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेलं निवेदन मी त्याच काळात पुन्हा वाचलं. गरीब कुटुंबातली मुलं शाळेत फार काळ टिकत नाहीत, कारण गुरं राखायला आणि शेताकडे बघायला आईबापाला त्यांची गरज असते, असं ते तिथे स्पष्ट सांगतात. दोष आईबापाच्या अडाणीपणावर न टाकता घरातल्या कामाची रचना आयोगासमोर मांडणं, हे तेव्हाच झालेलं आहे. मला त्यातून फार बळ मिळालं.

मुलाखती घेण्यापेक्षा त्यांचं पुढे काय करायचं, यात जास्त वेळ गेला. तासाभराचं ध्वनिमुद्रण उतरवायला अख्खा दिवस जातो, आणि ते बोलीतच उतरवायचं. मग ओळीओळीला संकेत द्यायचे, म्हणजे ती ओळ कशाबद्दल आहे ते सांगणारं छोटं नाव. आमच्याकडे महागडं सॉफ्टवेअर नव्हतं. एक्सेलच्या एका रकान्यात उतारा, दुसऱ्यात संकेत, तिसऱ्यात तो का दिला याची टीप, एवढ्यावर काम झालं. मी आणि माझी सहकारी आधी त्याच मुलाखती वेगवेगळ्या वाचायचो आणि मग ताडून बघायचो. ‘मुलीची काळजी’ असा एक संकेत मी अनेक ठिकाणी दिला होता. तिनं तो फोडायला लावला. मागे ठेवलेल्या मुलीला गावात काही होईल ही काळजी वेगळी, आणि फडावर मुलगी नसेल तर तान्ह्याला सांभाळणार कोण ही काळजी वेगळी. पहिलीवर उपाय म्हणजे मुलींसाठी रात्री राहण्याची सुरक्षित सोय आणि तिथे एक बाई. दुसरीवर उपाय म्हणजे फडाजवळ पाळणाघर. दोन्ही एकाच शीर्षकाखाली राहिल्या असत्या तर शिफारस भलत्याच खात्याकडे गेली असती. म्हणूनच संकेतांवरून होणाऱ्या वादाला मी वेळेचा अपव्यय मानत नाही.

अधिकाऱ्यांच्या मुलाखतीही याच पद्धतीनं घेतल्या, आणि नवशिक्यांनी हा भाग वगळू नये. गटशिक्षण कार्यालयातल्या एका अधिकाऱ्यांना ‘उशीर का होतो?’ असं न विचारता ‘मागच्या वर्षीची फाईल कशी फिरली ते सांगा’ असं विचारलं. त्यांनी टेबलावर बोटानं वाट काढून दाखवली. स्थलांतर झाल्याचं दिसल्याशिवाय मुलांची यादी पक्की धरत नाहीत, यादीशिवाय मंजुरी नाही, मंजुरीशिवाय शाळा व्यवस्थापन समितीला पैसे नाहीत. मुख्याध्यापक तोवर किराणा उधारीवर आणतात किंवा थांबतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, हे त्या अधिकाऱ्यांना तोंडपाठ होतं. अडत होतं ते क्रमात.

सादरीकरणात अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न आला, “किती जणांना विचारलंत?” मी आकडा सांगितला आणि लगेच पुढचं सांगितलं. जिल्ह्यातली किती टक्के घरं अशी आहेत, हे या अभ्यासातून कळणार नाही. ते हजेरी आणि सर्वेक्षणातून कळेल. निर्णय कुठल्या आठवड्यात होतो, त्या वेळी घरासमोर काय पर्याय असतो आणि त्यातली कुठली गोष्ट आपल्या हातात आहे, हे यातून कळतं. मग खड्यांच्या कॅलेंडरचा फोटो दाखवला. चर्चा तिथून पुढे तारखांवर गेली. उचल घेतलेल्या कुटुंबांची यादी ग्रामपंचायतीच्या मदतीनं भाद्रपदातच करता येईल का, मागच्या वर्षीची यादी तात्पुरती धरून जेवण दिवाळीच्या आधी सुरू करता येईल का, यावर बैठक चालली. घरोघरच्या सर्वेक्षणात ‘घरात आजी-आजोबा आहेत का?’ याच्या जोडीला ‘ते मूल सांभाळू शकतात का?’ हा प्रश्नही घ्यायचं ठरलं.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलींचा भाग मात्र आमच्या टिपणात अपुरा राहिला. त्यांच्याबद्दल आया बोलल्या, सुना बोलल्या, पण मुली स्वतः फारशा बोलल्या नाहीत. त्यांच्या लग्नाची बोलणी कधी सुरू होतात आणि फडावर जाण्याशी त्याचा संबंध कसा लागतो, हे त्यांच्याच तोंडून समजून घ्यायला त्यांच्या विश्वासातली कुणीतरी लागेल. गावातल्या अंगणवाडी सेविकेसोबत त्याची प्रश्नयादी आम्ही आता तयार करतोय, आणि तिनं पहिल्याच वाचनात त्यातले निम्मे प्रश्न खोडले आहेत.