शिवणीतली माया

आई ब्लाउज बेतायला बसली की कडेच्या शिवणीत दोन बोटं जास्तीचं कापड सोडायची. ‘माया ठेवलीय गं. अंग भरलं तर उसवून दे, मोठा करीन,’ असं गिऱ्हाइकाला सांगायची. इचलकरंजीत आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग होते. त्यांच्या खडखडाटात तिचं शिलाई मशीन ऐकूही यायचं नाही, पण हा शब्द मात्र कानात कायमचा बसला. इंग्लंडमधल्या प्रेस्टनला राहायला आल्यावर तिसऱ्या वर्षी एका जुन्या इंग्रजी फ्रॉकची शिवण मी उलटून पाहिली. आत दोन बोटं कापड होतं. ‘माया आहे की!’ असं मी त्या दुकानात उभ्या उभ्या मोठ्याने म्हणाले.

‘ड्रेस’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पंजाबी ड्रेस येईल, म्हणून मी फ्रॉकच म्हणते. कमरेत बसणारा, खाली चुण्यांचा घेर, बारीक फुलांचा, कधी फुग्याच्या बाह्यांचा. साधारण १९४० पासून १९८० पर्यंतचे असे फ्रॉक मी रोज घालते. ऑफिसला, बसने, पावसात. फोटो पाहून इचलकरंजीच्या मैत्रिणी विचारतात, कसला कार्यक्रम होता? कार्यक्रम कसलाच नव्हता. मंगळवार होता आणि मी कामावर निघाले होते.

पहिले दोन हिवाळे मी काळी पँट, करडा स्वेटर आणि फुगलेलं काळं जाकीट यांत काढले. अकाउंट्सच्या कामात आपल्याला गांभीर्याने घ्यायला हवं असेल तर रंग, फुलं, घेर घरी ठेवावेत, हा समज माझाच. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. ज्या मुलीने कॉलेजात परीक्षेलाही काठापदराची साडी नेसायचा हट्ट धरला, ती प्रेस्टनच्या बस स्टेशनच्या काचेत स्वतःला पाहून क्षणभर ओळखत नसे. बायकी दिसणं आणि कामात पक्कं असणं यांत भांडण नाही, हे मला आईकडे पाहून ठाऊक असायला हवं होतं. ती काठाच्या साडीत, अंबाड्यात फूल खोचून, पंधरा गिऱ्हाइकांचा हिशेब तोंडपाठ ठेवायची.

प्रेस्टन हे लँकेशायर परगण्यातलं कापडाचं गाव. जॉन हॉरॉक्सने १७९१ मध्ये इथे सूतगिरणी काढली आणि पुढे ते नाव जगभर गेलं. त्याच कंपनीने १९४६ मध्ये ‘हॉरॉक्सेस फॅशन्स’ नावाने तयार सुती फ्रॉक विकायला सुरुवात केली. मोठमोठी फुलं, रुंद पट्टे, मीटरच्या मीटर घेर. १९५३-५४ च्या राष्ट्रकुल दौऱ्यात एलिझाबेथ राणीने ते घातले होते. गावातल्या हॅरिस संग्रहालयात या फ्रॉकांचा मोठा संग्रह आहे. तो पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा या गावात घरच्यासारखं वाटलं.

त्या घेराला एक पार्श्वभूमी आहे आणि ती कळल्यावर मी तो घालायला लागले. युद्धात, १ जून १९४१ पासून, इथे कपड्यांचं रेशनिंग होतं. वर्षाला माणशी ६६ कुपनं आणि एका लोकरी फ्रॉकला त्यातली ११ जायची. किती चुण्या, किती बटणं, किती खिसे यांवरही सरकारी मर्यादा होत्या. त्या काळच्या सरकारमान्य कपड्यांवर ‘सीसी ४१’ असा शिक्का असे. तो दिसला की मी अजूनही थांबते, कारण इतकं कमी कापड इतक्या हुशारीने बेतलेलं क्वचित पाहायला मिळतं. रेशनिंग संपलं १५ मार्च १९४९ ला. तोवर पॅरिसमध्ये फेब्रुवारी १९४७ मध्ये ख्रिश्चन दिओरने कमरेत आवळलेले, खाली भरपूर घेराचे कपडे दाखवले होते आणि कापडाची एवढी उधळण पाहून इथे वादही झाला होता. आठ वर्षं कापड मोजून वापरलेल्या बायकांना घेर म्हणजे काय वाटलं असेल, हे आपल्याकडे धान्याची तंगी पाहिलेल्या आजीला विचारा. पहिल्यांदा मनासारखा वाढलेला भात तिला अजून आठवत असतो.

बाबांना मात्र मी लँकेशायरचं कापड घेतल्याचं सांगितलं तेव्हा ते फोनवर गप्प झाले. मग म्हणाले, ‘बाबू गेनू आठवतो ना?’ आठवतो. १२ डिसेंबर १९३०, मुंबई. परदेशी कापडाच्या ट्रकसमोर उभा राहिलेला आपला गिरणी कामगार. माझे पणजोबा आयुष्यभर खादी वापरत. मी बाबांना उत्तर दिलं नाही, कारण माझ्याजवळ ते नव्हतं. नंतर एका रविवारी डार्वेनला गेले. गाडीने अर्धा तास. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी तिथे आले होते. बहिष्काराची झळ लागलेल्या गिरणी कामगारांना भेटायला. गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात उभे असलेल्या गांधीजींचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. त्या बायका हसताहेत. तो फोटो मी बाबांना पाठवला. त्यावर आमचं बोलणं अजून संपलेलं नाही आणि ते संपावं अशी मला घाईही नाही.

आईची हरकत वेगळी होती. ‘कुणाचं उतरलेलं अंगावर घालतेस? बाई जिवंत आहे की गेली, तेसुद्धा माहीत नाही.’ आपल्याकडे जुने कपडे बोहारणीला जातात, त्याचं पातेलं येतं आणि विषय संपतो. मी तिला एवढंच विचारलं, मला पहिलं झबलं कशाचं शिवलं होतंस? आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचं. आणि गोधडी? तीही लुगड्यांचीच. आई म्हणाली, ‘ते आपल्या माणसाचं असतं.’ खरंय तिचं. म्हणून नवा आणलेला प्रत्येक जुना फ्रॉक मी आधी धुते (धुण्यासारखा असला तर), एक दिवस उन्हात किंवा निदान वाऱ्यावर टांगते, सुटलेली हातशिलाई स्वतः घालते. एकदा त्यात माझी सुई फिरली की तो परक्याचा राहत नाही.

आता कामाचं. खरा हॉरॉक्सेस हल्ली महाग जातो, माझ्याकडे एकच आहे. रोजचे कपडे मी चॅरिटी शॉपमधून घेते, म्हणजे लोकांनी दान केलेल्या वस्तू विकून संस्थेसाठी पैसे उभे करणाऱ्या दुकानांतून. लेबलावर ‘सेंट मायकेल’ दिसलं तर हात घालावा. मार्क्स अँड स्पेन्सरचं हे नाव २००० साली बंद झालं, म्हणजे कपडा त्याआधीचा. लॉरा ॲशलीचे जुने सुती फ्रॉकही मिळतात. बारीक फुलं, उंच गळा, झालर. ही फुलं पाहून मला नेहमी छीट आठवते. इंग्रजीतला त्यांचा ‘चिंट्झ’ शब्दही आपल्या छिटेवरूनच गेला. अठराव्या शतकात तर आपलं हे छापील कापड इथे इतकं खपू लागलं की कायद्याने त्यावर बंदी आणावी लागली.

लेबलावरच्या मापावर विश्वास ठेवू नका. १९५० मधला चौदा नंबर आजच्या आठ-दहाच्या जवळ जातो. माझ्या पर्समध्ये कायम टेप असतो. छाती, कंबर आणि खांदा. फ्रॉक सपाट पसरून मोजते आणि माझ्या कमरेपेक्षा दीड-दोन इंच तरी जास्त हवाच, नाहीतर दुपारच्या जेवणानंतर खुर्चीत बसवत नाही. खांदा बसत नसेल तर सोडून द्यायचा, खांदा दुरुस्त करणं महागात पडतं. कंबर आणि छाती मायेवर अवलंबून. म्हणून शिवण उलटून पाहायची. नव्या दुकानी कपड्यात पाव इंच ठेवून, बाकी छाटून इंटरलॉक मारलेलं असतं, तिथे उसवायला काहीच नाही.

काखेत कापड उजेडासमोर धरून बघा. घामाने रेशीम तिथेच आधी विरतं. साडीच्या ब्लाउजला आपण लावतो ते घामाचे पॅड इथेही उपयोगी पडतात, मी गावाहून येताना डझनभर आणते. चेन बहुधा डाव्या कुशीत असते आणि धातूची असते. अडकली तर ओढू नये, मेणबत्ती घासावी. आणि १९४० च्या काळातल्या रेयॉन क्रेपला पाणी दाखवू नये. मी दाखवलं. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, युद्धाच्या काळातला फ्रॉक मी बादलीत भिजवला आणि तो वीतभर आटला. ऐंशी वर्षं टिकलेली वस्तू माझ्या हातून दहा मिनिटांत गेली. त्याची बटणं मी डबीत ठेवली आहेत.

घालायचं कसं, हे तुम्ही सगळ्यात जास्त विचारता. मला वाटतं, एका वेळी एकच जुनी गोष्ट बोलू द्यावी. १९५० चा फ्रॉक, त्यावर त्याच काळची टोपी, हातमोजे, केसांच्या वळ्या आणि लाल लिपस्टिक असं सगळं केलं की ते स्नेहसंमेलनातलं पात्र होतं. फ्रॉक जुना, तर बूट आजचे, सपाट, घोट्यापर्यंतचे. केस माझे नेहमीचे, वेणी किंवा अंबाडा. कानात आजीच्या मोत्याच्या कुड्या. १९५० च्या रुंद गळ्यावर इथल्या बायका मोत्याची माळ घालत, त्यामुळे आपली मोत्यांची चिंचपेटी तिथे इतकी शोभते की ती बाहेरून आली असं वाटत नाही.

स्वेटरची लांबी ही खरी किल्ली आहे. लांब स्वेटर घातला की कंबर झाकली जाते आणि घेराचा गोणपाट होतो. बरोबर कमरेवर संपणारा, पुढून बटणांचा आखूड स्वेटर शोधा. थंडीत आत थर्मल, पायांत जाड लोकरी मोजे आणि त्यावर परकर. हो, आपला परकरच. तो नसेल तर फ्रॉक मोज्यांना चिकटून चालताना वर चढतो. आईने इलॅस्टिक घालून गुडघ्याखाली जाणारे दोन सुती परकर शिवून दिले आहेत आणि मी वर्षभर तेच वापरते. वारा हा मात्र लँकेशायरचा खरा त्रास. पडद्याच्या खालच्या कडेत घालतात ती छोटी वजनं मी दोन फ्रॉकांच्या घडीत शिवली आहेत.

जूनमध्ये कोल्हापुरी चपला निघतात. बारीक फुलांच्या फ्रॉकखाली त्या छान दिसतात. उलटही करते. खणाचं पोलकं आणि त्याखाली १९६० च्या सुमाराचा साधा लोकरी स्कर्ट. खणाचा काठ बाहीवर आला पाहिजे, आणि स्कर्ट एकरंगी, बास. ऑफिसात पहिल्या दिवशी दोघींनी कापड हातात धरून पाहिलं. मी त्यांना इरकली आणि खण यांतला फरक समजावत बसले आणि चहा गार झाला.

ठेवण्याबद्दल एकच सांगते. इथे कसर फार. लोकरीचं काहीही घरात आणलं की प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवायचं. बाकी कपाटात आपल्यासारखंच, जुन्या मलमलीत गुंडाळून. इथल्या बायका लॅव्हेंडर ठेवतात, मी वाळा ठेवते.

तो पहिला फ्रॉक, ज्याची माया पाहून मी ओरडले, तोच माझा एकुलता हॉरॉक्सेस. पांढऱ्यावर गुलाबी आणि राखाडी गुलाब. गेल्या वर्षी कंबरेत घट्ट व्हायला लागला. इथे एक नवसारीच्या बेन कपडे दुरुस्त करून देतात. त्यांनी तो उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, ‘जेणे शिवलाय, त्याला ठाऊक होतं बाई बदलते.’ मग उसवायला बसल्या. मी समोर उभी होते. धागा निघाला, शिवण उघडली आणि आत सत्तर वर्षं दडलेलं कापड बाहेर आलं. बाहेरचे गुलाब उन्हाने आणि धुण्याने फिके झाले होते, हे आतले मात्र छापखान्यातून काल निघाल्यासारखे गडद. दोन्ही कुशींत बोटभर रुंदीची गर्द गुलाबी पट्टी. बेननी विचारलं, बाहीखाली लपवू का? मी नको म्हटलं.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. तिने चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि आधी पट्टीकडे पाहिलंच नाही. ‘आत अजून किती उरलीय?’ एवढंच विचारलं. मी टेप लावून पाहिलं. अर्धा इंच.