झोपेत पाळी बदलणाऱ्या नाकपुड्या

पहाटे जाग आली की मी नाकाखाली बोट धरून पाहते. उजव्या कुशीवर असले, तर बहुधा उजवी नाकपुडी चोंदलेली असते आणि डावीतून उबदार श्वास मोकळा येत असतो. ही सर्दी नव्हे. नाकाच्या आतील मांसल उंचवट्यांमधील रक्तवाहिन्या आळीपाळीने फुगतात व ओसरतात. रिचर्ड कायझर या जर्मन वैद्यकाने १८९५ मध्ये या चक्राचे वर्णन केले. जागेपणी काही तासांनी होणारी ही अदलाबदल झोपेत लांबते, आणि मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की, ती बहुधा स्वप्नांच्या, म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींच्या निद्रावस्थेत घडते, पुष्कळदा कूस बदलण्याच्याच सुमारास. दोन्ही नाकपुड्या एकदम चोंदल्या, तर मात्र तोंड उघडते आणि सकाळी घसा कोरडा पडलेला असतो.