न्यायासनावर कोण?

रविवार, रात्री

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे योहानाने सांगितलेल्या येशूच्या जीवनकथेच्या, पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की पिता म्हणजे देव कोणाचा न्याय करत नाही, न्यायाचे सारे काम त्याने पुत्राकडे, म्हणजे येशूकडेच, सोपवले आहे; आणि आठव्या अध्यायात तोच पुत्र म्हणतो, मी कोणाचा न्याय करत नाही. नवव्यात तो न्यायासाठीच या जगात आलो असे सांगतो, तर बाराव्यात जगाचा न्याय करायला नव्हे, तारण करायला आलो असे. ही वचने वेगवेगळ्या लेखकांची असती तर काळ निराळा, श्रोते निराळे असे म्हणून पुढे जाता आले असते; ती एकाच शुभवर्तमानात, हाकेच्या अंतरावर आहेत.

यावर एक तयार उत्तर नेहमी ऐकू येते: पहिल्या आगमनात तो तारणारा, जगाच्या शेवटी होणाऱ्या दुसऱ्या आगमनात न्यायाधीश. बाराव्या अध्यायाला ते बरेचसे लागू पडते, कारण तेथे शेवटल्या दिवसाचा उल्लेख आहे. नवव्या अध्यायातले विधान मात्र पहिल्याच आगमनाविषयी आहे, आणि मला वाटते, कोडे सुटण्याची वाटही तेथूनच जाते.

त्या अध्यायात एका जन्मांध माणसाच्या डोळ्यांना येशू थुंकीने कालवलेली माती लावतो, त्याला शिलोह तळ्यावर धुवायला पाठवतो, आणि सातव्या वचनानंतर कथेतून दिसेनासा होतो, तो थेट पस्तिसाव्या वचनात परततो. मधल्या काळात चौकशी करतात ते परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक. ते त्या माणसाला विचारतात, आईबापांना बोलावतात. सभास्थानातून बाहेर काढले जाण्याच्या भीतीने आईबाप म्हणतात, तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा. दुसऱ्यांदा बोलावल्यावर तो माणूस वैतागून विचारतो, तुम्हालाही त्याचे शिष्य व्हायचे आहे की काय? (सबंध शुभवर्तमानात इतका तिखट प्रश्न क्वचितच सापडेल.) शेवटी ते त्याला हाकलून देतात. येशूने कोणाला दोषी ठरवलेले नाही, तो तेथे नव्हताही. तरी कोण पाहणारा आणि कोण आंधळा, हे त्या चौकशीतच ठरून गेले. तिसऱ्या अध्यायात योहानाने हेच आधी सांगून ठेवले आहे: प्रकाश जगात आला, आणि माणसांना अंधार अधिक आवडला, हाच न्याय. या अर्थाने ‘मी न्याय करत नाही’ आणि ‘मी न्यायासाठी आलो’ ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडी शोभतात.

अधिकाराचा प्रश्न एवढ्याने मिटत नाही. पाचव्याच अध्यायात पुत्र म्हणतो की मला स्वतःहून काही करता येत नाही, जसे ऐकतो तसा न्याय करतो. म्हणजे अधिकार पूर्ण असला तरी तो सोपवलेला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी स्वर्गातला आणि पृथ्वीवरचा सर्व अधिकार येशूला दिलेला आहे, आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की शेवटी पुत्र राज्य पित्याच्या हाती देईल व स्वतःही त्याच्या अधीन होईल. चौथ्या शतकात अंकिराचा बिशप मार्सेलस याने या वचनावरून ख्रिस्ताच्या राज्याला शेवट आहे असा अर्थ काढल्याचा आरोप झाला, आणि ३८१ च्या मतांगीकारात, म्हणजे मंडळीने ठरवलेल्या विश्वासाच्या घोषणेत, त्याच्या राज्याला अंत नाही असे शब्द आले. दर रविवारी आपण ते म्हणतो, आणि पौलाचे वचनही जागच्या जागी वाचतो.

पेत्राच्या पहिल्या पत्रात तर प्रत्येकाच्या कामाप्रमाणे निःपक्षपाती न्याय करणारा पिताच आहे. योहानाशी त्याचा मेळ घालायचा, तर पौलाच्या रोमकरांस पत्राचा दुसरा अध्याय हाताशी आहे: देव ख्रिस्त येशूच्या द्वारे न्याय करील. माझे समाधान यातून बऱ्यापैकी होते, पूर्ण होत नाही.

पौलाला स्वतःला ही अडचण वाटलेली दिसत नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तो ख्रिस्ताचे न्यायासन म्हणतो, रोमकरांस १४व्या अध्यायात देवाचे. पुढच्या काळात हस्तलिखितांच्या प्रती उतरवणाऱ्या अनेकांनी त्या दुसऱ्या ठिकाणीही ‘ख्रिस्ताचे’ असे लिहिले; जुन्या प्रतींत मात्र ‘देवाचे’ आहे. आणि ते वचन आले आहे ते काय खावे आणि कोणता दिवस पाळावा यावरून भांडणाऱ्या मंडळीला, तू आपल्या भावाला दोष का लावतोस, असे विचारताना.